सोफ्यापेक्षा हातवाली खुर्ची बरी
कुणीतरी म्हटलंय की सगळं मोबाईलवर होतंय तर बँकेच्या ब्रँचच्या इंटेरिअरवर खर्च कशाला. अर्धंच पटलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी या कधी, २०१४ पासून जीवन प्रमाण ही हाच दाखला ऑनलाइन द्यायची सोय आहे तरी आमच्याकडे पेन्शनरांची रांग असतेच, कारण वय झालं की अंगठ्याचे ठसे मशीन पटकन घेत नाही.

गेल्या वर्षी आमच्या ब्रँचचं रिनोव्हेशन झालं, काचेच्या केबिन, खोल गुबगुबीत सोफे, एकदम हॉटेलची लॉबी. आईला बसवलं तर गुडघ्यांमुळे तिला उठताच येईना, शेवटी वॉचमनने स्वतःची प्लास्टिकची हातवाली खुर्ची दिली. आणि पासबुक मशीन नेमकं दाराच्या तोंडाशी, कुणाचा बारकोड लागत नाही म्हणून चार जण तिथेच खोळंबलेले, टोकन मशीन त्यांच्या मागे!