डॉक्युमेंट्री चॅनलमध्ये कमिशनिंगला जायचं तर रस्ता कुठून?

रात्रपाळी:
फॅक्च्युअल कार्यक्रमांसाठी रिसर्चर म्हणून काम करतोय, म्हणजे माणसं शोधा, परवानग्या काढा, आर्काइव्ह फुटेज धुंडाळा, सगळी हमाली आमच्याकडे. चॅनलच्या बाजूला जे बसतात, ज्यांनी मान डोलावली की अख्खी सिरीज उभी राहते, ते कमिशनिंगवाले तिथवर पोचतात कसे? एमबीए वगैरे लागतं का?

टाइमकोड:
एमबीएचं डोक्यातून काढा. बहुतेक जण रिसर्चर, असिस्टंट प्रोड्यूसर, डायरेक्टर, सिरीज प्रोड्यूसर, मग एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर असे चढत येतात आणि मग कधीतरी चॅनलकडे जातात. जेरेमी आयझॅक्स घ्या, १९७३ ची २६ भागांची 'द वर्ल्ड ॲट वॉर' त्यांनी उभी केली आणि १९८२ ला ब्रिटनमध्ये चॅनल फोर सुरू झालं तेव्हा पहिले प्रमुख तेच. त्या चॅनलची गंमत म्हणजे जवळपास सगळे कार्यक्रम बाहेरच्यांकडून करून घ्यायचे, त्यामुळे कुठला कार्यक्रम करायचा ते ठरवणाऱ्या कमिशनिंग एडिटरच्या शब्दाला तिथे भलतंच वजन.
बाकी नुसतं हो-नाही म्हणायचं काम नसतं हो ते. आमच्या ५२ मिनिटांच्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, दीड तासाचा झालेला, चॅनलच्या बाई आल्या, शेवटपर्यंत चकार शब्द नाही, नुसते वहीत टाइमकोड, म्हणजे कुठल्या मिनिट-सेकंदाला काय ते, लिहीत बसल्या आणि मग म्हणाल्या अकराव्या मिनिटाला ती म्हातारी दार उघडत नाही ना, तिथून सुरू करा, आधीचं निवेदन सगळं उडवा. डायरेक्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण फिल्म तिथूनच सुरू झाली. ही नजर एडिट रूममध्ये बसूनच येते.

हिशेबी:
अर्धंच खरं. डिस्कव्हरी चॅनल १९८५ ला काढणारे जॉन हेंड्रिक्स फिल्मवाले नव्हतेच, आधी विद्यापीठासाठी निधी गोळा करायचे. आणि आज एक चॅनल सगळे पैसे घालतंय असं फार कमी वेळा होतं, थोडे इथून, थोडे दुसऱ्या चॅनलबरोबरच्या को-प्रोडक्शनमधून, थोडे प्री-सेलमधून म्हणजे फिल्म बनायच्या आधीच विकून, वर दाखवायचे राइट्स कोणाकडे किती वर्षं यावर महिनोन्‌महिने ईमेल चालतात. दोन देशांतल्या चॅनलचे कमिशनिंग एडिटर एकाच कटवर उलटसुलट नोट्स पाठवतात तेव्हा प्रोड्यूसरला वाचवणारा माणूस म्हणजे चांगला एक्झिक्युटिव्ह. नजर आहे पण करार वाचायचा कंटाळा, अशांनी डायरेक्टरच राहावं.

रात्रपाळी:
बाप रे. पण एकदा खुर्चीत बसलं की स्वतः काही बनवणं संपलंच ना? ती भीती जास्त आहे खरं तर.

टाइमकोड:
बहुतेकांचं संपतं. पण निसर्गावरच्या सिरीजवाले डेव्हिड ॲटनबरो १९६५ ला बीबीसी टूचे कंट्रोलर, म्हणजे त्या चॅनलचे प्रमुख, झाले, त्यांच्याच काळात 'सिव्हिलायझेशन'सारखी कलेवरची भलीमोठी सिरीज ठरली, पुढे आणखी वरचं पद मिळालं तेही सोडून परत कार्यक्रम करायला गेले आणि १९७९ ला 'लाइफ ऑन अर्थ' आली. अर्थात सगळेच काही ॲटनबरो नसतात.

हिशेबी:
खुर्चीचं नंतर बघू, आधी तुमच्या कंपनीत डेव्हलपमेंटला, म्हणजे नवे विषय तयार करून चॅनलला विकायच्या कामाला, कोण बसतं त्यांना गाठा. रिसर्चरनेच शोधलेला विषय असतो पण पिच, म्हणजे चॅनलपुढे मांडायचा प्रस्ताव, दुसराच लिहितो, तर पुढचं ट्रीटमेंट, म्हणजे फिल्म कशी असेल त्याचा लेखी आराखडा, मी लिहितो म्हणून सरळ सांगा. दोन पानांच्या वर जाऊ नका, आणि कॅमेऱ्याला कोणाकडे, कुठे आत प्रवेश मिळतोय ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं, पुढचं किती जण वाचतात देव जाणे.