ट्रेलरच्या पातळ भिंतीत रॉलप्लग नको, फळी लावा

ट्रेलरच्या भिंतीत रॉलप्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) घालून लावलेलं तुमचं शेल्फ दोनच प्रवासांत रॉलप्लगसकट उपटून आलं, यात स्क्रूचा दोष नाही. अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलरची (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराची) आतली भिंत बहुधा जेमतेम ३ मि.मी. प्लायची असते, मागे थर्मोकोल किंवा पोकळी. रॉलप्लग विटेत फुगून बसतो, इथे त्याला दाबायला काहीच नाही. मग हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं. जाडा स्क्रू लावलात तरी तेच होणार.

आधी आतली चौकट शोधा. ताकदवान लोहचुंबक भिंतीवरून सावकाश फिरवा, पिना-खिळ्यांवर तो अडकतो. ओळीने चार-पाच ठिकाणी अडकला की तिथे चौकटीची पट्टी आहे.

पट्टी हवी तिथे क्वचितच सापडते. म्हणून १२ मि.मी. प्लायची फळी दोन उभ्या पट्ट्यांपर्यंत पोचेल एवढी कापा, पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवा, टोकं पट्ट्यांत स्क्रूने आवळा आणि शेल्फ त्या फळीवर बसवा. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: भिंतीवरचा छापील कागद. गोंद कागदाला घट्ट धरतो, पण कागद प्लायला तेवढा धरत नाही. वजन आलं की अख्खा सोलून निघतो. फळीखालचा कागद आधी खरवडून काढाच.

बाहेरची भिंत असेल तर कृपया घाई करू नका. पूर्ण जाडी ४०-५० मि.मी.च्या आसपास. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून भोकाची खोली ठरवा; बाहेरच्या पत्र्याला भोक पडलं की पाणी आत शिरून प्लाय कुजतो. दिव्या-स्विचच्या सरळ रेषेत वायर असू शकते, तिथे ड्रिल टाळा.