पांढऱ्या पाटीच्या (खासगी) गाड्या भाडं मारतात, तक्रार कशी करावी?

मंडळी, मदत हवी आहे. कुडाळ स्टेशनावर माझी पिवळ्या पाटीची टॅक्सी असते. परमिट, फिटनेस, प्रवाशांसकट विमा, सगळं भरून नंबरात उभा राहतो. आणि कोकणकन्या लागली की पांढऱ्या पाटीवाले पुलाच्या पायरीपाशीच गाठतात, "मालवण काय हो? चला, दोनशे कमी द्या." चाकरमानी बॅगा टाकून मोकळे. गणपतीत तर विचारूच नका.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६ नुसार परमिटशिवाय भाडं मारता येत नाही आणि १९२अ मध्ये दहा हजार दंड आहे, एवढं ठाऊक आहे. पण तोंडी सांगितलं की साहेब म्हणतात, "पुरावा आणा." पकडलं तर प्रवासीच म्हणतो, "आमचे पाव्हणे आहेत!" आता बोला.

कोणी लेखी तक्रार केली आहे का? गाडीचा फोटो, जीपेची पावती चालते का? अर्ज आरटीओला द्यावा की पोलिसांनाही? खासगी विम्यावर भाडं मारताना अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते, हे प्रवाशांना पटेल असा फलक स्टेशनाबाहेर लावायला परवानगी कोणाची लागते?

भांडण नको आहे, त्यातले दोघे माझ्याच वाडीतले आहेत.