डेंजर झोनला रॉक म्हणणं आता पुरे

ड्रमवाला: 'टॉप गन' ह्या लढाऊ विमानांच्या हॉलिवूडपटातलं डेंजर झोन हे गाणं प्रत्येक रॉक प्लेलिस्टमध्ये का घुसवता? १९८६ साली निर्मात्यांना विमानांवर टाकायला गाणं हवं होतं, संगीतकार जॉर्जिओ मोरोडरने चाल बांधून दिली, बेस (खालच्या सुरांची साथ) सिंथचा, म्हणजे कीबोर्डवर काढलेला, टोटो ह्या बँडबरोबर वकिलांचं जमेना म्हणून फिरत फिरत गायक केनी लॉगिन्सकडे आलं. ह्यात बँड कुठाय? ऑर्डरचा माल आहे हा, जाहिरातच.

शिरीष: गप्प बसणार होतो पण आता लिहितोच. सिनेमाचं गाणं ऑर्डरवरच होतं हो, पॉल मॅकार्टनीचं लिव्ह अँड लेट डाय पण बाँडपटासाठीच केलेलं, तेव्हा त्याला कोणी जाहिरातवाला म्हणालं का? सिनेमाची सुरुवात परत बघा. विमानवाहू जहाजाच्या डेकवर वाफ, माणसांचे हातवारे, सिनेमाची संथ धून, ते अँथम, चाललंय, आणि विमान सुटतं त्याच क्षणाला ड्रम आणि तो गुरगुरणारा बेस. वर डॅन हफचं गिटार. ते ऐकून अंगावर काटा येत नसेल तर काय बोलायचं. आणि गायक पहिल्या पसंतीचा नव्हता म्हणे, अरे मग गायलाय कसा ते सांग ना.

ड्रमवाला: बेसचंच तर म्हणतोय! माणसाने वाजवलेला बेस नाही म्हणजे अर्धं रॉक तिथेच संपलं.

कीबोर्डवाली: आलं का परत तेच. कॉलेजच्या बँडमध्ये हेच गाणं आम्ही करायचो, बेसिस्ट नव्हता, सगळा बेस मी डाव्या हाताने ओढायचे, हात भरून यायचा. स्टेजवर मला स्पीकरच्या मागे उभं करायचे आणि टाळ्या गिटारवाल्याला. सिंथ काय आपोआप वाजतो का?

ड्रमवाला: ताई, तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. पण माझा जिवलग मित्र बेस वाजवायचा, त्याला रेकॉर्डिंगला बोलावलं आणि दारातूनच परत पाठवलं, कीबोर्डवर काम झालं म्हणून. त्याने नंतर बेस विकला. ह्या असल्या गाण्यांनीच ती सवय लावली.

कीबोर्डवाली: त्याचं वाईट वाटलं, खरंच. पण राग पैसे वाचवणाऱ्यावर काढा ना, वाद्यावर आणि वाजवणाऱ्यावर कशाला? तुमच्यासारख्यांमुळेच मुली कीबोर्ड सोडून देतात.

ड्रमवाला: हे जरा जास्त होतंय हां. मी कोणाला सोडायला लावलं?

जुनी कॅसेट: तुम्ही दोघं बेसवरून भांडताय आणि टॉम व्हिटलॉकचं नाव अजून एकानेही घेतलं नाही. मोरोडरच्या फेरारीचे ब्रेक नीट करून दिले तिथून ओळख झाली, त्या माणसाने ह्या गाण्याचे शब्द लिहिले, आणि त्याच सिनेमातलं टेक माय ब्रेथ अवे पण, ज्याला ऑस्कर मिळालं. ॲपवर गाणं लावा, गायकाचा फोटो येतो, गीतकार शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. माझा ह्या विषयावर कायमचा राग आहे, कुठलाही धागा असला तरी लिहिणार.

शिरीष: लिहाच. पण मूळ मुद्दा, २०२२ च्या सीक्वेलला लॉगिन्सने नव्याने गाऊन दिलं होतं, तरी शेवटी जुनंच रेकॉर्डिंग वापरलं. जाहिरात छत्तीस वर्षांनी तशीच्या तशी चालते का?

ड्रमवाला: ठीक आहे, टिकलंय, मान्य. हफचं गिटार कडक आहे, तेही मान्य, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दोन नंबरला गेलं तेव्हा लोक काही वेडे नव्हते. पण रॉक नाही म्हणजे नाही. त्याच सिनेमातलं स्टीव्ह स्टीव्हन्सचं अँथम ऐका, रॉक गिटार ते.

कीबोर्डवाली: त्या अँथमची चाल कोणाची? हॅरॉल्ड फाल्टरमायर. कीबोर्डवालाच. ग्रॅमी दोघांना मिळालं.

ड्रमवाला: माहितीये मला. तरी बेस माणसानेच वाजवायचा.