आईवडीलच राक्षस झाले तर? एका भयविनोदी एकांकिकेविषयी प्रश्न

कोथरूडचा लेखनिक (प्रश्न)

आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी मी पाऊण तासाची एकांकिका लिहितो आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीत, बारावीच्या सराव परीक्षांच्या दिवसांत, एका रात्री साडेआठ वाजता सगळ्या घरांतल्या आईवडिलांना एकाच वेळी आपापल्या मुलांना संपवून टाकण्याची अनावर इच्छा होते, एवढीच तिची कल्पना आहे. शेजाऱ्यांच्या मुलांशी मात्र हीच माणसे अतिशय प्रेमाने वागतात, त्यांच्या हातावर लाडू ठेवतात आणि मग स्वतःच्या मुलाला शोधायला पुन्हा जिना उतरतात.

गेल्या रविवारी पहिले वाचन झाले. वीस मिनिटे सगळे खळखळून हसले, पण वडील स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन बाहेर येतात त्या प्रसंगाला हसू एकदम थांबले, आणि आमच्यातली एक अभिनेत्री, जिचा मुलगा तीन वर्षांचा आहे, काही न बोलता बाहेर जाऊन उभी राहिली. प्रसंग भयंकर वाटला म्हणून ती उठली नव्हती. आदल्या रात्री मुलाने वरणभाताच्या चार घासांसाठी दोन तास घेतले, तेव्हा आपल्या मनात नेमके काय येऊन गेले होते ते तिला आठवले होते.

हे वेड का लागते याचे कारण नाटकात द्यावे का, आणि बत्त्याचा प्रसंग ठेवावा की काढावा? पालकांना उपदेश करणारे नाटक मला लिहायचे नाही, त्यामुळे त्या दिशेचे सल्ले कृपया देऊ नयेत.

पिटातला प्रेक्षक

वाईट बातमी आधी सांगतो. ही कल्पना पडद्यावर येऊन गेली आहे. ब्रायन टेलर यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘मॉम अँड डॅड’ हा २०१७चा इंग्रजी चित्रपट आपण पाहावा. निकोलस केज आणि सेल्मा ब्लेअर त्यात एका मुलीचे आणि एका मुलाचे आईवडील आहेत, आणि तिथेही पालक फक्त पोटच्या मुलांवर तुटून पडतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खरखर दिसते, पण ती कुठून आली याचा खुलासा होत नाही, आणि प्रेक्षकाचे त्यावाचून काही अडत नाही. त्यामुळे कारण देऊ नये, असे माझे मत आहे.

त्या चित्रपटात हाणामारीपेक्षा मला जास्त बोचलेला प्रसंग वेगळाच आहे. घराच्या तळघरात बापाने स्वतःच्या हौसेने पूल खेळायचे टेबल उभारलेले असते, आणि बायकोशी वाद होताच तो ते घणाने फोडून टाकतो. तिथे कोणी वेडे झालेले नाही. तरुणपणी आपण कोण होतो आणि आता कोण उरलो आहोत, याचा हिशेब तेवढा निघतो. आपल्या नाटकातल्या वडिलांचे असे टेबल कोणते, ते आधी ठरवावे. पुढे त्या चित्रपटात आजीआजोबा जेवायला येतात. (चित्रपट पाहायचा असेल तर पुढचे वाक्य सोडून द्यावे.) नियम सगळ्याच पालकांना लागू असेल, तर तो आजोबांनाही लागू होतो, आणि त्यांचा मुलगा म्हणजे इतका वेळ नातवंडांच्या मागे लागलेला तो बाप.

शनिवार पेठ

कारण द्यायचेच असेल, तर ते पुण्यात तयार आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ करून आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला अशी आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना पालकांनी धरावे’ अशी सूचना टाकताना तीच चूक केली, एवढे पुरेसे आहे. ही शुद्धलेखनाची चूक आहे की आदेश, यावर पालक पहिली दहा मिनिटे वाद घालतील, आणि तोवर मुलांना पळायला वेळ मिळेल.

ओवीकर

बत्ता काढू नये. मराठी घराला तो नवीन नाही. श्रीधरांच्या १७१८च्या शिवलीलामृतात चौदाव्या अध्यायात श्रियाळ आणि चांगुणेची कथा येते, आणि श्रावणात ती घरोघरी वाचली जाते. अतिथी म्हणून आलेला शंकर चिलया बाळाचेच मांस मागतो. आई ते रांधते, आठवण म्हणून शिर तेवढे लपवून ठेवते, तर तेही उखळात कांडायला लावतो, आणि डोळ्यांतून पाणी येता कामा नये अशी वर अट घालतो. एवढे झाल्यावर निपुत्रिकाच्या घरी आपण जेवत नाही, असे तोच म्हणतो. भय आणि विनोद इतके जवळ आणणारा पाहुणा मला दुसरा माहीत नाही. (‘आपण जेवूनच आला असाल’ असे दारातच विचारण्याची पुणेरी पद्धत या कथेनंतरच पडली असावी.)

दोन मुलांची आई

ओवीकरांचा दाखला सुंदर आहे, पण तो इथे लागू पडत नाही. चांगुणेला मुलाचा राग आलेला नाही, तिला सत्त्व राखायचे आहे. लेखनिकांच्या पालकांना मात्र ते करावेसे वाटते, आणि त्यांची अभिनेत्री उठून गेली ती नेमकी त्या ‘वाटण्या’मुळे. म्हणून माझ्या मते बत्ता रंगमंचावर दिसू नये.

त्याऐवजी आपली घरातली भाषा कान देऊन ऐकावी. ‘डोके खाल्लेस’, ‘रक्त आटवलेस’, ‘जीव घेशील एक दिवस माझा’, ही सगळी वाक्ये मीच कालपासून बोलले आहे, आणि त्यांत खाल्ली गेलेली बाई मी आहे. लगेच पुढच्या वाक्यात ‘तंगडी तोडून हातात देईन’, ‘सोलून काढीन’ म्हणणारीही मीच. राक्षस कोण, हे आमच्या घरात दर दोन मिनिटांनी बदलते. नाटकातल्या पालकांना नवा एकही संवाद देऊ नका. रोजचीच वाक्ये द्या, फक्त त्या रात्री ती शब्दशः खरी आहेत हे मुलांना कळलेले असू द्या.

मराठी मुलाला सर्वांत जास्त भीती ज्या वाक्याची वाटते, त्यात धमकी नसते. ‘इकडे ये, मी मारणार नाही’ हे ते वाक्य. मूल न्हाणीघरात कडी लावून बसले आहे, बाहेर आई अत्यंत गोड आवाजात हे म्हणते आहे, आणि स्वयंपाकघरात कुकर चढवलेला आहे. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला ती जाईल, हे मुलाला माहीत आहे, म्हणून ते शिट्ट्या मोजते. प्रेक्षकही मोजतील. तिसरी शिट्टी होते आणि गॅस बंद केल्याचा आवाज येत नाही. यापुढे रक्ताचा एक थेंबही दाखवायची गरज नाही, आणि कुकरमुळे लोक हसायचेही थांबणार नाहीत.

कोथरूडचा लेखनिक

सर्वांचा आभारी आहे. चित्रपट पाहिला, आणि दोन दिवस लिहिणे बंद ठेवले. मग बत्ता काढला आणि कुकर ठेवला. शनिवार पेठेची सूचना सुरुवातीलाच वाचली जाईल, पण ती मिळण्याआधीच एका घरातून मूल ओरडल्याचा आवाज येतो, त्यामुळे कारण दिले आणि दिलेही नाही. वडिलांचे टेबल म्हणजे माळ्यावरची हार्मोनियम, जिच्यावर मुलाने आपल्या चाचणी परीक्षांच्या पुस्तकांचे गठ्ठे रचले आहेत.

उठून गेलेल्या अभिनेत्रीने आईची भूमिका स्वतःहून मागून घेतली आहे. शेवटी दाराची घंटा वाजते, आणि बाहेरून आजोबा आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला म्हणतात, ‘इकडे ये, मी मारणार नाही.’ आजोबांचे काम करणारे गृहस्थ हे वाक्य इतके सहज म्हणतात, की वडिलांचे काम करणारा नट प्रत्येक तालमीत आपोआप दोन पावले मागे सरकतो, आणि दिग्दर्शकाला ते सरकणे अजून जरा उशिरा हवे आहे.