देवगडात दोन पावसाळे उभी असलेली डुकाटी सुपरस्पोर्ट, काकाला किती द्यावेत?

कातळावरचा_०७

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण विषय पैशाचा आहे आणि घरातला पण आहे.

माझ्या काकाने २०१८ ला मुंबईत डुकाटी सुपरस्पोर्ट घेतली, ९३७ सीसीवाली, लाल, साधं व्हेरियंट, एस नाही. काका शिपवर असतो. मुंबईचा फ्लॅट भाड्याने दिला तेव्हा गाडी गावी आणून ठेवली, देवगडला आमच्या घरी, समुद्र तिथनं एक किलोमीटर पण नसेल. सुट्टीवर आला की चालवायचा, पण मग त्याची सुट्टी आणि पाऊस असं काय जुळत गेलं की गेले दोन पावसाळे गाडी पडवीत कव्हर घालून नुसती उभीच आहे, सेल पण मारलेला नाही. मीटरवर ११,४०० किमी.

आता काका म्हणतो तूच घे, बाहेरच्याला द्यायला माझं मन होत नाही, साडेसहा लाख दे आणि संपव. मला गाडी मनापासून आवडते, लहानपणापासून असली गाडी दारात असावी असं वाटतंय आणि आंब्याचे पैसे आलेत त्यामुळे आत्ता शक्य आहे. पण साडेसहा बरोबर की जास्त की कमी हे कळत नाहीये. बाबा म्हणतात घरातला व्यवहार आहे, आधी नीट किंमत काढ, नंतर दोघांपैकी कोणाच्याच मनात राहायला नको. मला काकाला फसवायचं पण नाहीये. तर किंमत काढायची कशी, आणि अशी गाडी आपल्या हवेत टिकते का, दोन्ही सांगा. इन्शुरन्स संपलेला आहे. सर्व्हिस बुक आहे, शेवटचा शिक्का २०२१ चा.

मांडवी_जेट्टी

मी रत्नागिरीत राहतो, माझ्याकडे जुनी डुकाटी मॉन्स्टर आहे आणि ती किनाऱ्यावरच वाढलीय म्हटलं तरी चालेल, त्यामुळे हवेबद्दल आधी बोलतो. टिकते. पण आपल्याकडे गाडी चालवण्याने कमी आणि उभी राहण्याने जास्त खराब होते. ११,४०० किमी हा आकडा बघून खूश होऊ नकोस. पुण्यात २५ हजार चाललेली, दर वर्षी वेळेवर सर्व्हिस झालेली सुपरस्पोर्ट मी डोळे मिटून घेईन, पण खाऱ्या वाऱ्यात दोन वर्ष गप उभी असलेली बघताना टॉर्च घेऊन बसेन.

टॉर्च कुठे मारायची ते सांगतो. या गाडीची फ्रेम लोखंडी नळ्यांची आहे, ट्रेलिस, तर टाकीखाली जिथे नळ्या एकमेकींना वेल्ड केल्यात तिथे रंग फुगलाय का बघ. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरव, बारीक खड्डे लागले तर ऑइल सील आज ना उद्या जाणार. रेडिएटरच्या जाळीत पांढरी पावडर दिसते का, सायलेन्सरचे पाइप इंजिनच्या हेडला जिथे बसतात तिथले स्टड गंजून फुगलेत का. अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारट ओल, हे तिन्ही एकत्र आलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, बोल्ट आतच धरतो आणि उघडायला गेलास की तुटतो. मागचं चाक एका बाजूच्या स्विंगआर्मवर आहे, चेन टाइट करायचा एक्सेंट्रिक हब त्यातच असतो, तो जाम झालाय का हे तर बघच बघ, बहुतेक लोक इकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आणि उंदीर! एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, उघडल्याशिवाय एक रुपया देऊ नको. भाताचं तूस, नारळाच्या शेंड्या, काय वाट्टेल ते आत निघतं आणि वायरिंग कुरतडलेलं असेल तर तो खर्च वेगळाच. कव्हर कसलं आहे? प्लॅस्टिकचं असेल तर पावसाळाभर आत वाफ कोंडली असणार, त्यापेक्षा उघडी असती तर बरी.

घाटमाथा_गॅरेज

कोल्हापूरवरून लिहितोय, मोठ्या गाड्यांचं काम करतो. एक गोष्ट सगळ्यात आधी. बॅटरी बदलून सेल मारून बघू नका. काकांनी सांगितलं तरी नाही, मित्र म्हणाला तरी नाही.

कारण सांगतो. तुमच्या गाडीचं इंजिन टेस्टास्ट्रेटा ११ डिग्री, त्यात कॅमशाफ्ट फिरवायला रबराचे दोन टायमिंग बेल्ट आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक. ते बदलायचं कंपनीचं वेळापत्रक ३०,००० किमी किंवा ५ वर्षं, जे आधी येईल ते. किलोमीटर झाले नाहीत म्हणून लोक निवांत राहतात पण तुमची पाच वर्षं केव्हाच उलटली, आणि बेल्ट बदलल्याची नोंद बुकात नसेल तर ते कारखान्यातलेच आहेत असं धरून चला. दोन वर्षं एकाच जागी पुलीभोवती वाकून बसलेला जुना बेल्ट पहिल्याच झटक्यात दात सोडू शकतो. बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेडचंच काम निघतं, तेव्हा किमतीची चर्चाच वेगळी होते.

आता डेस्मोची, म्हणजे डुकाटीच्या व्हॉल्व्ह उघडबंद करायच्या पद्धतीची, भीती लोकांनी फार घातलीय. नेहमीच्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग असते, इथे उघडायला एक रॉकर आणि बंद करायला दुसरा. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन गॅप मोजायचे, आठ व्हॉल्व्हचे सोळा. टॅग्लिओनी नावाच्या इंजिनियरने १९५६ मध्ये रेसिंगच्या १२५ सीसी गाडीसाठी डुकाटीत हे आणलं, त्या काळच्या स्प्रिंगा जास्त आरपीएमला टिकत नव्हत्या म्हणून. पूर्वीच्या डुकाटी ७४८, ९१६ ला हे गॅप मोजायचं काम १०,००० किमीला यायचं, त्यावरून नाव खराब झालं. तुमच्या गाडीला ३०,००० ला आहे. म्हणजे डेस्मो आत्ता ड्यू नाही, बेल्ट ड्यू आहेत. काही जण दोन्ही एकत्र करून मोठं बिल सांगतात, ते बघून घ्या.

बाकी ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड (हवेतलं पाणी ओढतं, किनाऱ्यावर दोन वर्षांच्या पुढे ठेवूच नये), कूलंट, ऑइल, फिल्टर, बॅटरी आणि टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८ किंवा १९ असेल तर नक्षी नवी दिसली तरी बदला. पेट्रोल पूर्ण काढा, टाकी पत्र्याची आहे, आत टॉर्च मारून गंज बघा. आत्ता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते ओल धरतं आणि उभ्या गाडीत पाणी तळाशी बसतं. २०१८ ची गाडी १० टक्क्यांपर्यंतची. चालती ठेवलीत तर त्रास कमी, टाकीत महिनोन्महिने ठेवलंत तर जास्त.

बोरिवली_ते_बांदा

वेगळा विचार सांगू का? साडेसहामध्ये नवी अप्रिलिया आरएस ४५७ येते आणि वर पैसे उरतात. इटालियनच आहे आणि बनते आपल्या बारामतीला, पियाजिओच्या प्लांटमध्ये. डिसेंबर २०२३ ला आली तेव्हा ४.१० लाख एक्स शोरूम होती. ४७ हॉर्सपॉवर, वजन पावणेदोनशे किलो, वॉरंटी. कोकणातल्या रस्त्यांवर याच्यापेक्षा जास्त लागतं कोणाला, आपल्याकडे सरळ रस्ता आहे कुठे. कुणकेश्वरपासून आचऱ्यापर्यंत वळणंच वळणं.

मांडवी_जेट्टी

@बोरिवली_ते_बांदा गाडी छान आहे, वाद नाही, पहिली मोठी गाडी घेणाऱ्याला मी पण तीच सांगतो. पण याचा प्रश्न तो नाहीये ना. याला काकाची गाडी घरात ठेवायचीय. आणि मोठ्या दोन सिलिंडरच्या इंजिनचा खालच्या आरपीएमचा ओढा फोंडा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जो लागतो तो ४५७ मध्ये मिळणार नाही, ते इंजिन वर फिरवावं लागतं. दोघांची तुलना होत नाही.

वेंगुर्ल्याचो

माका एकच सांगूचा आसा. गाडी घे, पण पयलो विचार कर की ती ठेवतलंय खय. पडवीत खारो वारो सरळ येता. आतल्या खोलीत जागा कर, खाली लाकडाची फळी टाक, आणि कव्हर कापडाचा वापर. धुवताना विहिरीचा पाणी मचूळ असला तर त्या पाण्यान धुव नको, तेच्यान उलट मीठ बसता. काका घरचो आसा, पैशावरना वाकडा येवक देव नको.

कातळावरचा_०७

सगळ्यांचे मनापासून आभार, खूपच कामाचं मिळालं. सेल मारला नाही. रविवारी मी आणि चुलतभाऊ टॉर्च घेऊन बसलो. फ्रेमवर दोन ठिकाणी रंग फुगलाय पण वरवरचा वाटतो, फोर्क स्वच्छ आहेत. एअरबॉक्समध्ये घरटं होतं, हो, आणि सीटखालची एक वायर कुरतडलेली आहे. कव्हर प्लॅस्टिकचंच होतं, काढून टाकलं. टायर २०१८ चेच निघाले. बेल्टची नोंद बुकात नाही.

दोन ठिकाणांहून लेखी कोटेशन घेतलं. बेल्ट, सगळे फ्लुइड, ऑइल फिल्टर, प्लग, बॅटरी, टायरची जोडी, चेन स्प्रॉकेट, वायरिंगची दुरुस्ती आणि टेम्पो धरून साधारण १ लाख ३५ हजार होतायत. ऑनलाइन बघितलं तर २०१८ च्याच दोन सुपरस्पोर्ट पुण्यामुंबईत विकायला आहेत, एक सात लाखाला, एक सव्वासातला, दोन्ही चालत्या. आता यातून आकडा कसा काढू?

हिशोबवाली_ताई

इन्शुरन्सच्या सर्व्हेचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून लिहिते. लोक आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, बघून किंमत काढायला जातात. तो तक्ता पाच वर्षांपर्यंतच चालतो, चौथ्या ते पाचव्या वर्षाला ५० टक्के घट धरतात, आणि पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून आकडा ठरवतात. तुमची गाडी त्याच्या पुढे गेलीय, त्यामुळे जुन्या पॉलिसीवरचा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. नवीन असताना ही १२ लाखांच्या थोडी वर होती एक्स शोरूम, तोही आकडा आता विसरा, रोड टॅक्स आणि अॅक्सेसरीज कोणी परत देत नाही. शिवाय २०२१ ला याच गाडीचं ९५० नावाने नवं मॉडेल आलं, इंजिन तेच ९३७ सीसी पण इलेक्ट्रॉनिक्स चांगलं, त्यामुळे आधीच्या मॉडेलचा भाव आणखी खाली आला.

मी असं करते. जाहिरातीतला सात म्हणजे मागितलेली किंमत, ती गाडी साडेसहाच्या आसपास जाईल असं धरू. ती चालती आहे, तुमची नाही. तिच्यातून १.३५ वजा केले की ५.१५. म्हणजे काकांनी सांगितलेले साडेसहा हे चालत्या, स्वच्छ कागद असलेल्या गाडीचे आहेत, त्यांनी लबाडी केली असं अजिबात नाही, त्यांना गाडी शेवटची चालवली तशीच आठवतेय. त्यांना नुसता आकडा सांगू नका, कोटेशनचे कागद आणि फुगलेल्या रंगाचे फोटो पाठवा, म्हणजे पाचच्या आसपास का म्हणताय ते त्यांनाही दिसेल.

आणि घरातला व्यवहार आहे म्हणून एक सुचवते. इंजिन उघडल्यावर आत काय निघेल ते आज तुम्हालाही माहीत नाही आणि काकांनाही नाही. तर सव्वापाच ठरवा, आणि कोटेशनच्या वर जो खर्च निघेल तो अर्धा अर्धा असं कागदावर लिहा. काही निघालं नाही तर काकांना थोडे जास्त मिळाले, निघालं तर एकट्या तुमच्यावर पडलं नाही. बाबांना सही करायला सांगा साक्षीदार म्हणून.

कोणी म्हणेल की डुकाटीनेच आता नव्या पानिगाले व्ही२ या स्पोर्ट बाइकला डेस्मो सोडून स्प्रिंगवालं ८९० सीसीचं इंजिन दिलंय, त्यामुळे जुन्या डेस्मोचा भाव पुढे वाढणार. ९१६ सारख्या गाडीबद्दल ते मी मानेन, डिझायनर तांबुरिनीने काढलेली ती गाडी लोक जपून ठेवतात. सुपरस्पोर्ट रोज चालवायची गाडी आहे. पुढे वाढेल या आशेवर आज एक रुपया जास्त देऊ नका.

कातळावरचा_०७

ताई, कागद काकाला पाठवले आणि रात्री फोन झाला. त्याने सगळं वाचलं, बेल्टचं त्याला खरंच माहीत नव्हतं, म्हणाला मग साडेसहा मी घेणारच नाही. सव्वापाच आणि वरचा खर्च अर्धा अर्धा, दोघांनाही पटलं. आता गाडी कोल्हापूरला न्यायची आहे, पुढे काय काय लक्षात ठेवू?

घाटमाथा_गॅरेज

छान झालं. टेम्पोत साइड स्टँडवर बांधू नका, घाटात स्टँडवर सगळा जोर येतो. पुढचं चाक लाकडी चौकटीत अडकवा, सरळ उभी ठेवा, पट्टे खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (फोर्कच्या नळ्या धरणारा तुकडा), हँडलला नाही. फोर्क अर्धाच दाबला जाईल इतकंच ओढा. रस्त्यात कोणाला मागचं चाक खोलू देऊ नका, तो एकच मोठा नट आहे, त्याला वेगळा सॉकेट आणि टॉर्क रेंच लागतो, पाना लावून ठोकला की नट आणि थ्रेड दोन्ही जातात. इथे आली की आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवून बघू, मगच बेल्टला हात.

हिशोबवाली_ताई

आणि कागद. काका सुट्टी संपवून परत शिपवर जायच्या आत मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, नाहीतर सहा-आठ महिने अडकाल. लोन होतं का विचारा, असेल तर बँकेची एनओसी आणि लोनचा बोजा काढायचा फॉर्म ३५. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा. इन्शुरन्स संपून ९० दिवसांच्या वर झालेत म्हणजे काकांचा नो क्लेम बोनस गेला, आणि पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करेल, ती चालती झाल्यावरच करून घ्या. तोपर्यंत रस्त्यावर आणू नका, गॅरेजपासून पेट्रोल पंपापर्यंत सुद्धा नाही.

कातळावरचा_०७

लोन नव्हतं. प्लेट बसवलेली नाहीये, आजच बुक करतो. काकाची फ्लाइट २० तारखेची आहे, त्याच्या आत ओरोसला आरटीओत जाऊन येतो दोघं.