हाऊल्स मूव्हिंग कॅसल: पुस्तकावर जीव असलेल्यांना पिक्चर कसा पचला?

राखाडी_टोपी

(स्पॉयलर भरपूर आहेत, पुस्तकाचेही आणि पिक्चरचेही, आधीच सांगते.)

डायना विन जोन्सचं पुस्तक माझं जवळपास पाठ आहे आणि नेमकं म्हणूनच जपानी अॅनिमेशनवाल्या मियाझाकीचा पिक्चर इतकी वर्षं टाळत होते, शेवटी काल बघितला. दिसायला प्रश्नच नाही. तो किल्ला कोंबडीसारख्या पायांवर कुरकुरत, धापा टाकत चालतो ते बघून मी आ वासून बसले. पुस्तकात तो उंच, काळा, चार बुरुजांतून धूर ओकणारा आहे, पायबिय काही नाहीत, तरी मला चाललं. कॅल्सिफर, म्हणजे किल्ल्याच्या चुलीतला अग्निराक्षस, तो पण चालला, पुस्तकात निळा चेहरा आणि हिरव्या ज्वाळांचे केस असलेला जरा भीतीदायक प्रकार आहे, इथे गोंडस करून टाकलाय, असो. पण सोफीचं हे काय केलंय यार?

वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सोफी तीन बहिणींतली थोरली, आणि थोरलीच्या वाट्याला अपयशच येणार हे तिनं स्वतःच ठरवून टाकलंय. दुकानात एकटी बसून टोप्या शिवते आणि टोप्यांशीच गप्पा मारते, एकीला म्हणते तुझं लग्न पैसेवाल्याशी होणार बघ, आणि पुढे त्या टोप्या घेणाऱ्यांचं खरंच तसंतसं व्हायला लागतं. म्हणजे बोलून वस्तूत जीव ओतायची जादू बाईमध्ये मुळातच आहे, फक्त तिलाच पत्ता नाही. मग ओसाड माळावरची चेटकीण शाप देऊन तिला म्हातारी करते आणि ती हाऊल नावाच्या मांत्रिकाच्या त्या चालत्या किल्ल्यात राहायला जाते. हातातली काठी, ते बुजगावणं, सगळं तिच्या बडबडीने जिवंत झालेलं.

आता तो राजधानीचा प्रसंग आठवा. सोफी हाऊलची आई बनून जाते. पुस्तकात तिथे हाऊलची म्हातारी गुरू मिसेस पेन्स्टेमन बसलेली असते आणि ती सोफीच्या काठीकडे बघून ओळखते की हिने या काठीशी बोलून बोलून तिच्यात जीव घातलाय, आणि तसं तोंडावर सांगते. पुस्तकात सोफीला पहिल्यांदा कोणीतरी सांगतं की तू पण काहीतरी आहेस. पिक्चरमध्ये तसाच महाल, तशीच खुर्चीत बसलेली गुरू, फक्त नाव मॅडम सुलिमान, आणि ती सोफीला काय सांगते? तुझं हाऊलवर प्रेम आहे. संपलं. जादूच्या जागी प्रेम ठेवून दिलं आणि पुढचा सगळा पिक्चर त्यावरच चालतो, ही मांत्रिकाची कामवाली कम प्रेयसी होऊन बसते.

बाकी बदल मी दोन दिवसांत विसरेन, हा नाही. मलाच एवढं टोचतंय का?

निवांतवाचक

+१, आणि माझं दुःख वेगळं आहे, वेल्स!!

किल्ल्याच्या दाराच्या मुठीचे चार रंग आठवतात ना, रंग फिरवला की दार वेगळ्याच ठिकाणी उघडतं, हिरवा माळरानाचा, निळा बंदराचा, लाल राजधानीचा, आणि काळा कुठला ते कोणी सांगत नाही. अर्धं पुस्तक आपण त्या काळ्या रंगाला घाबरून असतो आणि दार उघडतं तर बाहेर वेल्स, आपल्याच जगातलं, ब्रिटनमधलं! हाऊलची बहीण मेगन त्याला नीट कामधंदा करत नाही म्हणून झापतेय, भाचा कॉम्प्युटर गेम खेळत बसलाय. इकडे घरात मंत्र समजून जो कागद सोडवत बसलेले तो त्या भाच्याचा शाळेचा होमवर्क निघतो, जॉन डनची कविता, आणि त्याच कवितेच्या ओळी चेटकिणीने हाऊलवर घातलेल्या शापाच्या अटी आहेत. असला प्लॉट मी दुसरीकडे कुठे वाचला नाही. एवढा मोठा दरारा असलेला मांत्रिक बहिणीपुढे मान खाली घालून उभा, हे बघितल्यावर आपल्याला तो पहिल्यांदा कळतो.

पिक्चरमध्ये काळा रंग फिरवला की अंधार, आग आणि युद्ध. वेल्स पूर्ण गायब. हाऊल त्यातून पंख लावून जातो आणि जखमी होऊन परत येतो, म्हणजे एकदम हीरो! पुस्तकातला हाऊल राजाचं काम टाळण्यासाठी सोफीला पाठवून स्वतःचीच बदनामी करवून घेणारा पळपुटा आहे आणि सर्दी झाली तर अख्ख्या घराला ऐकू जाईल असं कण्हणारा. मला तोच हवा होता. केस बिघडल्यावर हिरवा चिकट लगदा गाळत बसतो तेवढा एक सीन ठेवलाय, त्याबद्दल आभार.

कॅल्सिफरचं_सरपण

मी इथे विरोधी पक्षात. आधी पिक्चर बघितला, मग पुस्तक वाचलं, दोन्ही प्रचंड आवडतात, त्यामुळे दगड मारा.

राखाडी_टोपी, तुमचा पेन्स्टेमनचा मुद्दा बरोबर आहे, मी तो असा कधी शेजारी शेजारी ठेवून बघितला नव्हता. पण पुस्तकात अजून एक गोष्ट आहे. हाऊल सांगतो की त्याने सोफीचा शाप गुपचूप काढायचा प्रयत्न केला, काही उपयोग झाला नाही, म्हणून त्याला वाटलं की हिलाच म्हातारीच्या वेषात राहायला आवडतंय. म्हणजे शाप चेटकिणीने घातला खरा, पण सोफी स्वतः तो धरून बसलीय. पुस्तकात हे एकदोन वाक्यांत येऊन जातं. मियाझाकीने अख्खा पिक्चर त्याच्यावर उभा केलाय! तिचं वय बघा परत. झोपली की तरुण. सुलिमानसमोर हाऊलची बाजू घेऊन ताडताड बोलायला लागते तेव्हा सुरकुत्या जातात, पाठ सरळ होते, आणि सुलिमान ते प्रेमाचं वाक्य टाकते तशी परत म्हातारी. म्हणजे तुम्हाला जे वाक्य खटकलं ते पिक्चरमध्येही सोफीला मागेच ढकलतं. फुलांच्या माळावर पण तेच, मी काही सुंदर नाही, मला साफसफाईच जमते म्हणाली की गेलं तारुण्य. कोणी मंत्र म्हणत नाही, कोणी समजावून सांगत नाही, चेहराच बदलत राहतो. हे कागदावर कसं करणार होता?

जपानी आवाजात बघितला का? त्यात तरुण आणि म्हातारी दोन्ही सोफींना एकाच बाईंचा आवाज आहे, चिएको बाइशो. इंग्लिश डबमध्ये दोघी वेगळ्या आहेत त्यामुळे ही वर-खाली होणारी गंमत बरीच मारली जाते.

खवट_म्हातारा

पुस्तक वेगळं, पिक्चर वेगळा. जोन्सबाईंना स्वतःला पिक्चर आवडला होता, आणि माझा यात काही हात नाही, मी पुस्तकं लिहिते, पिक्चर नाही, असं त्या म्हणायच्या. लेखिकेला चालतंय तर आपण का रडायचं?

राखाडी_टोपी

@खवट_म्हातारा, काका, लेखिकेला आवडला म्हणून मला आवडलाच पाहिजे असं थोडीच आहे. आणि सगळे लेखक एवढे दिलदार नसतात. नेव्हरएंडिंग स्टोरीचा १९८४ चा पिक्चर आला तेव्हा लेखक मिखाएल एंडे कोर्टात गेला होता. हरला, पण गेला. पुस्तकाचा जेमतेम पहिला अर्धा भाग घेतलाय त्यात, आणि खरी गोष्ट दुसऱ्या अर्ध्यात आहे, मुलगा गोष्टीतल्या जगात शिरल्यावर एकेक इच्छा मागत स्वतःला विसरत जातो ती. पुस्तकात तो जाडा, आखूड, कोणाला न आवडणारा पोरगा, पिक्चरमध्ये छान गोंडस. ते बघून मला एंडेचा राग शंभर टक्के कळतो.

@सरपण, दगड नाही मारत :) वयाचा मुद्दा मात्र डोक्यात घुसलाय. मी इंग्लिश डबच बघितला, जपानी शोधते.

चौथा_रंग

युद्धाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जोन्स १९३४ च्या आणि मियाझाकी १९४१ चा, दोघांचं लहानपण दुसऱ्या महायुद्धात गेलेलं. जोन्स यावर बोलल्या होत्या की आम्ही दोघं त्या अनुभवातून विरुद्ध दिशांना गेलो, मी गोष्टीत युद्ध पडद्यामागे ठेवते कारण ते किती भयंकर असतं हे सगळ्यांना माहितीये, मियाझाकीलाही तसंच वाटतं पण तो युद्धाची घाणही दाखवतो आणि बॉम्बहल्ल्याचा नेत्रदीपक थरारही, दोन्ही पदरात पाडून घेतो. मला हा त्यांचा हळूच काढलेला चिमटा वाटतो. त्यात पिक्चर बनला तेव्हा इराकचं युद्ध नुकतंच सुरू झालेलं, तो राग पिक्चरभर दिसतो.

माझी तक्रार एवढीच की युद्ध आणलं तर ते संपवायला पण पाहिजे होतं. शेवटी बुजगावण्याचा राजपुत्र होतो, तो म्हणतो जाऊन युद्ध थांबवतो, सुलिमान खुर्चीत बसून म्हणते चला आता हे मूर्ख युद्ध संपवू. अरे मग आधी का नाही संपवलं?? दोन तास शहरं जाळली आणि दोन वाक्यांत मिटवलं. पुस्तकाचा शेवट पण घाईचा आहे हां, दहा पानांत दहा गाठी सुटतात, पण तिथे प्रत्येक गाठ आधी कुठेतरी मारलेली असते आणि दुसऱ्यांदा वाचताना सापडते.

पहिलटकर

मी फक्त पिक्चर बघितलाय आणि संगीतासाठी परत परत बघते (हिसाइशीचा तो वॉल्ट्झ!!). हा धागा वाचून डोकं गरगरलं, पुस्तक घेऊ का? की पिक्चरवरचं प्रेम जाईल?

निवांतवाचक

घे गं बिनधास्त. पिक्चर तसाच राहील. फक्त ओसाड माळावरच्या चेटकिणीची दया येत असेल तर पुस्तकात तयारी ठेव, तिथे ती शेवटी गोड आजीबाई वगैरे होत नाही.

राखाडी_टोपी

जपानी आवाजात परत बघितला. सरपण, एका पॉइंटवर हार मानते. शेवटी सोफी कॅल्सिफरकडे असलेलं हाऊलचं हृदय हातात धरून म्हणते की कॅल्सिफर हजार वर्षं जगो आणि हाऊलला त्याचं हृदय मिळो, आणि लगेच तसं होतं. पुस्तकात पण सोफी कॅल्सिफरला बोलूनच जगवते. म्हणजे तिची जादू त्या एका वाक्यात शिल्लक ठेवलीय, पहिल्या वेळी मी ते नुसती प्रार्थना समजून सोडून दिलं होतं.

पण मग त्याच्या मागोमाग बुजगावण्याचा शाप तिच्या एका पापीने कशाला सोडवला रे? आत्ताच तर बोलून दोघांना वाचवलं, याच्याशी पण दोन शब्द बोलली असती. आणि केस शेवटपर्यंत चंदेरी ठेवले ते मात्र मला पुस्तकापेक्षा आवडलंय, पुस्तकात परत लालसर होतात.

कॅल्सिफरचं_सरपण

पापीचं माझ्याकडे उत्तर नाही, ते मलाही पटत नाही :D

दुसरा भाग वाचलाय का, कॅसल इन द एअर? त्यात सोफी कुठे आहे ते शोधत बस, इथे लिहू नको फक्त, पहिलटकर वाचतेय.